गेटवरचा फळा आणि दारातला ड्रम

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एमआयडीसीत एखाद्या रासायनिक कंपनीच्या गेटपाशी थांबलात, तर दोन खांबांवर उभा केलेला एक मोठा फळा दिसेल. त्यावर रकाने आखलेले असतात. आत कोणती घातक रसायनं वापरतात, किती साठवतात, सांडपाणी किती निघतं, धुराड्यातून काय बाहेर पडतं, घातक कचरा किती होतो. शिफ्टला जाणारे रोज त्याच्यासमोरून जातात, पण वाचणारा क्वचितच भेटतो. बऱ्याच फळ्यांवरचे आकडे उन्हाने पुसट झालेले असतात. काहींवर तारीखच नसते.

हा फळा कंपनीने हौसेने लावलेला नाही. घातक कचऱ्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 ऑक्टोबर 2003 रोजी आदेश दिला. त्याप्रमाणे घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्याने ही माहिती गेटबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी लावायची आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला जी संमती देतं, त्याला आपण सगळे 'कन्सेंट' म्हणतो, तिच्या अटींतही हा फळा असतो.

मी वीस वर्षं कारखान्यांच्या सुरक्षा विभागात काढली. आता वाळूज, चिखलठाणा, पैठण भागातल्या लहान कारखानदारांना ही सरकारी कागदपत्रं समजावून देतो. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो. "सर, आपण काय वापरायलोत ते साऱ्या दुनियेला कामून सांगायचं?" शेजारचा आपली कृती चोरील अशी धास्ती त्यामागे असते. कायदा तुमची कृती मागत नाही. कोणतं रसायन, किती, त्याचा धोका काय आणि सुटलं तर काय करायचं, एवढंच तो विचारतो. ते का विचारतो, हे समजायला भोपाळला जावं लागतं.

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री तिथल्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला. हजारो माणसं गेली. रुग्णालयात लोकांची रीघ लागली तेव्हा समोरच्या डॉक्टरांना हा वायू कोणता आणि त्यावर उपचार काय, हे माहीत नव्हतं. भिंतीपलीकडच्या वस्तीला तर आत काय साठवलंय याचीच कल्पना नव्हती. ओलं फडकं तोंडावर धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, एवढी साधी सूचनाही तिथे पोहोचलेली नव्हती. वायूने माणसं मारलीच, पण न दिलेल्या माहितीनेही मारली. आज आपल्याकडे रसायनांची माहिती देण्याचे जे नियम आहेत ते त्या रात्रीतून आलेले आहेत. 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा, 1987 मध्ये कारखाने कायद्यात घातलेलं घातक प्रक्रियांचं प्रकरण, 1989 चे घातक रसायनांचे नियम, 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा, 1996 चे रासायनिक अपघातांचे नियम, हे सगळं ओळीने आलं.

कामगार किती, की रसायन किती?

लहान कारखानदारांचा सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. "माझ्याकडे आठच माणसं आहेत, मला हे लागू नाही," असं मी पन्नासदा ऐकलं असेल. कारखाने कायदा माणसं मोजत असे. विजेवर चालणारं काम असेल तर 10 कामगारांपासून तो लागू व्हायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आणि कारखान्याच्या व्याख्येतला तो आकडा 20 वर गेला. घातक प्रक्रियेची माहिती कामगारांना, अधिकाऱ्यांना आणि आसपासच्या लोकांना देण्याची सक्ती संहितेतही कायम आहे. पण 1989 चे नियम पर्यावरण कायद्याखाली आलेले आहेत आणि ते माणसं मोजत नाहीत, टन मोजतात. दोन माणसांच्या गोदामात मोठा साठा असेल, तर ते गोदाम या नियमांत येतं.

मोजायचं कसं, ते क्लोरीनवरून पाहू, कारण क्लोरीन आपल्या रोजच्या पिण्याच्या पाण्याशी जोडलेला आहे. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन ज्या आडव्या, जाडजूड सिलिंडरात येतो त्याला 'टोनर' म्हणतात. एका टोनरात साधारण 900 किलो क्लोरीन असतो. नियमांत क्लोरीनसाठी दोन मर्यादा दिल्या आहेत, खालची 10 टन आणि वरची 25 टन. म्हणजे 11 टोनर ठेवले तर साठा 9.9 टन, मर्यादेच्या आत. बारावा टोनर आवारात आला की 10.8 टन. त्या क्षणापासून ती जागा 'मोठ्या अपघाताचा धोका असलेली' ठरते. तिची लेखी सूचना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, म्हणजे ज्याला आपण 'डिश' म्हणतो त्या खात्याला, द्यावी लागते. नवीन काम असेल तर ते सुरू करण्याच्या तीन महिने आधी. आवारात आपत्कालीन आराखडा तयार हवा आणि त्याची मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी हवी. साठा 25 टनांच्या वर गेला की तपशीलवार सुरक्षा अहवाल लागतो. त्याखेरीज कारखान्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून दरवर्षी सुरक्षा परीक्षण करून घ्यायचं आणि ते झाल्यावर 30 दिवसांत त्याची प्रत खात्याला पाठवायची.

प्रत्येक रसायनाचा आकडा वेगळा आहे, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. नुसत्या साठवणुकीसाठी अमोनियाची खालची मर्यादा 60 टन आहे. भोपाळच्या मिथाइल आयसोसायनेटची मर्यादा आहे 150 किलो. होय, किलो. एका बाजूला टन आणि दुसऱ्या बाजूला किलो का, हे त्या रात्रीची आठवण ठेवली की लगेच कळतं.

साठा दोन गोदामांत विभागला की मर्यादेतून सुटलो, असं काहींना वाटतं. तसं होत नाही. एकाच मालकाच्या दोन जागांमधलं अंतर 500 मीटरपेक्षा कमी असेल तर दोन्हींचा साठा एकत्र धरला जातो. आणि वर्षभरात किती वापरलं, याला इथे महत्त्व नाही. एका वेळी आवारात जास्तीत जास्त किती असू शकतं, तो आकडा धरायचा. सणाच्या किंवा हंगामाच्या आधी माल भरून ठेवण्याची आपली पद्धत असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मग मर्यादेखालच्यांना मोकळीक आहे का? मराठवाड्यातली बहुतेक ठिकाणं या मर्यादेखालीच आहेत. दूध शीतकरण केंद्रात आणि बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो, पण 60 टनांच्या जवळपासही नसतो. लातूरकडे सोयाबीनमधून तेल काढायला हेक्झेन हे चटकन पेटणारं द्रावण लागतं. त्याच्या साठ्याला पेसो या, स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या खात्याचा परवाना लागतो. साखर कारखान्यात गंधक जाळतात, डिस्टिलरीत अल्कोहोलच्या टाक्या असतात. या सगळ्यांवर 1989 च्या नियमांतलं एक मूळ कर्तव्य आहेच, मर्यादा असो वा नसो. आपल्याकडच्या घातक रसायनाचे धोके आधी ओळखायचे. तिथे काम करणाऱ्याला माहिती, प्रशिक्षण, साधनं आणि उतारा द्यायचा. रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला 'एमएसडीएस' म्हणतात, जवळ ठेवायचं आणि डब्यावर लेबल लावायचं. नियमांच्या यादीत 684 रसायनांची नावं आहेत. यादीत नाव नसलं तरी विषारीपणा, ज्वलनशीलता आणि स्फोटकपणा यांच्या निकषात बसणारं रसायन घातकच धरलं जातं.

माहितीपत्रकं बहुतेक कारखान्यांत असतात, पण ऑफिसच्या कपाटात आणि इंग्रजीत. ज्याच्या हातात ड्रमची तोटी असते तो माणूस जालन्याच्या किंवा हिंगोलीच्या एखाद्या गावातून आलेला असतो. सोळा पानांचं इंग्रजी पत्रक त्याला काय सांगणार? मी प्रत्येक मालकाला सांगतो की त्यातली चारच वाक्यं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ड्रमजवळ चिकटवा. डोळ्यात गेलं तर काय, अंगावर सांडलं तर काय, आग लागली तर पाणी मारायचं की नाही, आणि कशाशेजारी ठेवायचं नाही. शेवटच्या वाक्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. ॲसिडच्या कॅनशेजारी ब्लीचिंगची पावडर ठेवलेली मी दुकानांतही पाहिली आहे. ही दोन एकत्र आली की क्लोरीनच तयार होतो.

दुकानांचाही यात संबंध आहे. ॲसिड विकणाऱ्यांना 18 जुलै 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बांधलं आहे. ॲसिड हल्ल्यांच्या खटल्यात तो आला. खरेदीदाराचं नाव, पत्ता, कारण आणि किती दिलं हे रजिस्टरमध्ये लिहायचं, फोटो असलेलं ओळखपत्र बघायचं, 18 वर्षांखालच्याला द्यायचं नाही. आपल्याकडचा साठा 15 दिवसांत प्रांताला कळवायचा. न कळवलेला साठा जप्त होतो आणि 50 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ॲसिड ठेवणाऱ्या कॉलेजच्या प्रयोगशाळांना आणि दवाखान्यांनाही रजिस्टर ठेवून प्रांताकडे माहिती द्यावी लागते. कृषी सेवा केंद्रांचा कायदा वेगळा, 1968 चा कीटकनाशकांचा. तिथल्या बाटलीवरचा त्रिकोण शेतकऱ्याने ओळखलाच पाहिजे. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवासुद्धा विषच आहे, फक्त उतरत्या क्रमातलं.

रिकामा ड्रम रिकामा नसतो

दरवर्षी 30 जूनपर्यंत कारखान्याने प्रदूषण मंडळाला घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण द्यायचं असतं. नियम 2016 चे, नमुना क्रमांक 4. मागच्या आर्थिक वर्षात किती घातक कचरा झाला, कुठे गेला, किती शिल्लक आहे. कचरा आवारात साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो बाहेर जाताना सोबत सात प्रतींचं 'मॅनिफेस्ट' जातं. पाठवणारा, नेणारा आणि घेणारा, तिघांच्या सह्या त्यावर होतात. 30 सप्टेंबरपर्यंत आणखी एक, पर्यावरण विवरण. त्यात कच्चा माल, पाणी आणि प्रदूषण यांचा हिशेब असतो. अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत. या तारखा भिंतीवर लिहून ठेवा, बाकी काम तुमचा माणूस करील.

विवरणातल्या एका नोंदीवर मात्र मला थांबायचं आहे. घातक कचऱ्याच्या अधिकृत यादीत 33.1 क्रमांकाला एक साधी वस्तू आहे. घातक रसायनाने माखलेले रिकामे ड्रम, डबे आणि आतली पिशवी.

मराठवाड्यात याचा अर्थ काय होतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको. एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेने मिरजेहून पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात, आणि त्याआधीच्या व नंतरच्या कितीतरी उन्हाळ्यांत, आमच्या गावागावांत टँकर येण्याच्या वेळेला दारापुढे निळ्या ड्रमांची रांग लागत असे. दोनशे लिटरचा, झाकणाचा, टिकाऊ ड्रम. नवा घ्यायची ऐपत नसते, जुना बाजारात स्वस्त मिळतो. माझ्या मावशीच्या दारातही तसाच एक होता. एकदा पाणी भरताना मी तो वळवला, तर मागच्या बाजूला अर्धवट फाटलेलं लेबल. कवटीचं चिन्ह शाबूत होतं, नाव गेलं होतं. मावशी म्हणाली, "लै धुतलाय रे, सोड्याने घासलाय." तिने खरंच घासला होता. पण प्लास्टिकात जिरलेलं रसायन सोड्याने निघत नाही. आणि त्यात काय होतं, हेच माहीत नसेल तर धुऊन काय होणार?

तो ड्रम तिच्यापर्यंत कसा आला, ते मला नेमकं माहीत होतं, कारण मी ज्या कारखान्यात होतो तिथून असेच ड्रम भंगारवाल्याला जात. ही चूक मी स्वतः डोळ्यांनी पाहिली आणि बरीच वर्षं बोललो नाही. वार्षिक विवरणात रिकाम्या ड्रमांपुढे शून्य लिहिलं जात होतं. कच्चा माल तर शेकड्याने ड्रमांतूनच येत होता. खरेदीचं रजिस्टर आणि कचऱ्याचं विवरण शेजारी ठेवून बघितलं असतं, तर ही तफावत कुणालाही दिसली असती.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कारखानदाराला मी सर्वांत आधी ड्रम मोजायला लावतो. जितके आले तितके कुठे गेले? पुरवठादाराला परत, की ड्रम स्वच्छ करून पुन्हा वापरण्याची मंडळाची परवानगी असलेल्या कंपनीकडे, की घातक कचऱ्याच्या सामायिक प्रकल्पाकडे? मराठवाड्यातला बराच घातक कचरा पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला जातो. त्यात खर्च आहे, वाहतूक आहे, हे मी नाकारत नाही. भंगारवाला उलट पैसे देतो. पण त्या पैशांत एखाद्या घरचं पिण्याचं पाणी असतं. ज्याला ते परवडत नसेल त्याने खरेदी करतानाच पुरवठादाराशी ड्रम परत घेण्याचा करार करावा. बरेच पुरवठादार तयार होतात, फक्त कुणी विचारत नाही.

आणि घरात असा ड्रम असेल, लेबल नसेल किंवा त्यावर कवटी, ज्वाळा, किंवा हातावर द्रव सांडतोय असं चिन्ह असेल, तर तो पिण्याच्या पाण्याला वापरू नका. जनावरांनाही नको.

गावाला काय कळायला हवं

कारखान्याने डिशला कळवलं, मंडळाला कळवलं, म्हणजे झालं असं नाही. 1989 च्या नियमांतलं पंधरावं कलम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मोठ्या अपघाताची झळ ज्यांना लागू शकते, त्यांना कारखान्याने आधीच सांगायचं आहे की धोका कशाचा आहे आणि अपघात झाला तर त्यांनी काय करायचं, काय करायचं नाही. झळ आवाराबाहेर जाऊ शकते, म्हणून बाहेरचा आपत्कालीन आराखडा जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर होतो आणि त्याची मॉक ड्रिल वर्षातून एकदा घ्यायची असते. कारखान्याने त्यासाठी लागणारी माहिती पुरवायची. मोठा अपघात झालाच तर तो 48 तासांच्या आत कळवायचा आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं तेही सांगायचं.

1996 च्या नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत 'संकट गट' नेमायला सांगितलं. जिल्ह्याच्या गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि त्याची बैठक दर 45 दिवसांनी व्हावी असं नियम म्हणतो. औद्योगिक वसाहतीच्या पातळीवरचा स्थानिक गट महिन्यातून एकदा भेटावा. स्थानिक गटात कोण असावं याची यादी वाचण्यासारखी आहे. फॅक्टरी इन्स्पेक्टर, अग्निशमन आणि पोलीस तर आहेतच, पण डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ते, सरपंच किंवा गावचे पुढारी आणि स्थानिक वृत्तपत्राचे संपादकही आहेत. नियम लिहिणाऱ्याने हे विचारपूर्वक केलं आहे. रात्री दोन वाजता गाव जागं करायचं असेल तर ते कोण करील, याचा विचार त्यात आहे. आता वसाहतींच्या कुशीतल्या गावांत, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वाळूजजवळचं पंढरपूर इथे जाऊन विचारा की या गटात तुमचा कोण आहे. बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं. मला याचं वाईट वाटतं, कारण कायद्याने दिलेली ही खुर्ची आहे आणि गावाने तिच्यावर बसायचं राहून गेलं आहे.

काय करायचं हे रसायनागणिक बदलतं, म्हणूनच नाव माहीत हवं. क्लोरीन हवेच्या जवळपास अडीचपट जड आहे. तो खाली, नाल्यात, खोलगट वस्तीत साचतो. तेव्हा उंच जागी जायचं, वारा जिकडे वाहतो तिकडे पळायचं नाही, वाऱ्याला आडवं निघायचं आणि ओलं फडकं नाकातोंडावर धरायचं. दूर जाणं शक्य नसेल तर दारं-खिडक्या लावून ओल्या कपड्याने फटी बुजवायच्या. धुळे-सोलापूर महामार्गावर टँकर उलटला तरी आधी आत काय आहे ते कळायला हवं. टँकरच्या मागच्या व बाजूच्या पट्टीवर चार आकडी क्रमांक असतो. 1017 म्हणजे क्लोरीन, 1005 म्हणजे अमोनिया, 1203 म्हणजे पेट्रोल. लांबूनच तो वाचून अग्निशमन दलाला फोनवर सांगितला तरी त्यांचं अर्धं काम होतं. जवळ जाऊन झाकण बघायला किंवा सांडलेलं भरून घ्यायला जाऊ नका.

माणसं दगावली, जखमी झाली, मालमत्तेचं नुकसान झालं, तर 1991 च्या कायद्याने घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाने आधीच विमा काढलेला असायला हवा. भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, अपघातापासून 5 वर्षांच्या आत. हा विमा कामगारांसाठी नाही. बाहेरच्या माणसांसाठी आहे.

माहिती मिळत नसेल तर मागता येते. प्रदूषण मंडळाच्या संकेतस्थळावर कारखान्यांच्या संमतीच्या प्रती असतात आणि त्यात उत्पादन, सांडपाणी, घातक कचरा यांचे आकडे दिलेले असतात. जे तिथे नाही ते माहितीच्या अधिकारात. साधा कागद, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, 30 दिवसांत उत्तर. प्रश्न मोघम नको. "आमच्या गावाच्या हद्दीलगत मोठ्या अपघाताचा धोका असलेले कारखाने कोणते, प्रत्येकाकडे कोणतं रसायन आहे, आवाराबाहेरच्या आराखड्यात आमच्या गावासाठी काय लिहिलं आहे आणि मागची मॉक ड्रिल कोणत्या तारखेला झाली," एवढं विचारा. व्यापारी गुपित म्हणून नकार आला, तर लोकहित मोठं असेल तेव्हा ती माहिती देता येते, हे त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. त्याचा उल्लेख करून अपील करा. उत्तर आलं की त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, टँकरच्या वेळापत्रकाशेजारी लावा.